उतरलेला दागिना भेट द्यायला लाजू नका

जुन्या, कुणीतरी वापरलेल्या दागिन्यांतून नवी वस्तू करवून घ्यावी आणि ती घरच्या कार्यात खुशाल भेट द्यावी, असं माझं ठाम मत आहे. देताना ती जुनी आहे हे लपवूही नये.

गेल्या मार्गशीर्षात भाचीच्या केळवणाला मी तेच केलं. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटच्या आसपास खोट्या दागिन्यांच्या ढिगात एक मोत्याची कुडी मिळाली. एकच, जोडी नाही. मधे डाळिंबी काचेचा खडा, भोवती मोती, त्यातला एक गळालेला. उलटी करून पाहिली तर प्रत्येक मोती बारीक तारेत ओवून ती तार मागे पिळून दाबलेली. हल्लीच्या बहुतेक खोट्या कुड्यांमध्ये मोती नुसते चिकटवलेले असतात. भुलेश्वरला दागिने गाठवून देणाऱ्या एका काकांकडे ती नेली. मळसूत्राची दांडी कापायला त्यांनी साफ नकार दिला. त्याच दांडीला रेशमाचे वेढे देऊन त्यांनी कुडी गोफात बसवली. गळालेल्या मोत्याच्या जागी त्यांनी डब्यातून किंचित पिवळट, जुनाच मोती शोधून काढला. पांढराशुभ्र घातला असता तर नेमका तोच डोळ्यात खुपला असता.

वहिनी म्हणाली, "ताई, लग्नाच्या घरात कुणाचं उतरलेलं कशाला?"

हा प्रश्न खूप घरांतून येतो, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. झवेरी बाजारात रोज मोड, म्हणजे मोडीत काढलेले जुने दागिने, येते. ती आटते आणि तेच सोनं नव्या पाटल्या होऊन काचेमागे बसतं. त्यात कुणाकुणाचं काय असेल, आपण कधी विचारतो का? घडणावळ मोजून हौसेने घालतो. म्हणजे आटवलेलं चालतं आणि घडण शाबूत असलेलं चालत नाही! मला हे अजिबात पटत नाही. आटवताना जाते ती कारागिरीच. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी आली, तेव्हा कितीतरी सोनारांची रोजीरोटी गेली. त्या पिढीच्या हातचं जे काही उरलंय ते तरी आपण जपायला हवं.

म्हणूनच सबंध दागिना मोडून 'क्रिएटिव्ह' काही करायला माझा सक्त विरोध आहे. अख्खी बोरमाळ किंवा तन्मणी मिळाला तर तो तसाच द्या, फार तर नव्या रेशमात गाठवून. एकटं कानातलं, तुटलेल्या माळेचे मणी, टाचणी गेलेला ब्रोच, यांच्यातून काय हवं ते करा. आंबाड्याचा काटा होतो, राखी होते, पर्सच्या चेनला लटकन होतं.

घेताना थोडं बघून घ्या. रस्त्यावर कुणी बसरा, म्हणजे आखाताकडचा अस्सल नैसर्गिक, मोती म्हणून गळ्यात मारत असेल तर भोकाची कड पाहा, खोट्या मोत्याचा पापुद्रा तिथूनच सुटतो. बिलाशिवाय सोनं घेऊच नका. बोरमाळेच्या पोकळ मण्यांत बहुधा लाख असते, ती तापली की पाझरते, तेव्हा डाग देणाऱ्याला, म्हणजे तापवून सांधा जोडणाऱ्या सोनाराला, आधी सांगा. लहान मुलांना मात्र जुन्या खोट्या धातूचं काही देऊ नका, त्यात शिसं असू शकतं.

आणि गाठवणाऱ्याशी मजुरीवरून घासाघीस करू नका, प्लीज. मॉलमध्ये आपण छापील किंमत मुकाट देतो. इथे एक माणूस मान मोडून मण्यामण्याला गाठ मारतो, म्हणजे दोरा तुटला तरी सगळी माळ घरंगळत नाही.

भाचीला मी सगळं सांगूनच दिलं. तिने कुडी उलटी केली आणि मागची तार बराच वेळ बघत राहिली. लग्नानंतर ऑफिसला घालून जाते.

दादर, गिरगाव, पार्ले, ठाणे, कुठेही चांगलं गाठवून देणारं कुणी माहीत असेल तर कमेंटमध्ये दुकानाचा पत्ता लिहा. पुढच्या कामांसाठी मलाही हवाय.