फुलांची दरी शनिवार-रविवारात होत नाही

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकच्या ग्रुपांवर दरवर्षी एक बेत फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आराखडा तोच असतो: “शुक्रवारी ऑफिसातून थेट विमानतळ, रात्री दिल्ली, तिथून रात्रभर गाडी. शनिवारी सकाळी गोविंदघाट, दुपारी घांघरिया. रविवारी पहाटे हेमकुंड, मग व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, आणि लगेच परतीची गाडी. सोमवारी दुपारी कामावर हजर. तंबू नेलात तर हॉटेलचाही खर्च वाचतो. एक जूनपासून फुलंच फुलं. उंची लागू नये म्हणून एक गोळी घ्या. लहान-थोर कुणीही करू शकतं.”

हे वाचून लोक खरोखर तिकिटं काढतात, म्हणून लिहितो आहे. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स म्हणजेच ही फुलांची दरी, उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं राष्ट्रीय उद्यान, मला फार प्रिय आहे. गोविंदघाट हे तिच्या पायथ्याचं गाव, घांघरिया हा वरचा मुक्काम, आणि हेमकुंड हे त्याहून वरचं शिखांचं तीर्थस्थान. तिथे जाऊ नका असं मला मुळीच सांगायचं नाही, अवश्य जा. पण वरच्या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यातली दोन-तीन तर जिवावर बेतणारी आहेत.

सुरुवात घड्याळापासून करू, कारण सगळा बेत त्यावरच उभा आहे. पुण्या-मुंबईहून शुक्रवारी संध्याकाळी निघालेला माणूस दिल्लीच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत मध्यरात्र होते. दिल्ली ते ऋषिकेश पाच-सहा तास. म्हणजे उजाडताना तुम्ही ऋषिकेशला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथून गोविंदघाट सुमारे २७० किलोमीटर. सपाटीवरच्या महामार्गाच्या हिशेबानं हे पाच तास वाटतात. अलकनंदेच्या काठानं वळणं घेत जाणाऱ्या या रस्त्यावर दहा तास धरावे लागतात, तेही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. चारधाम-हेमकुंड यात्रेच्या काळात डोंगरातली रात्रीची वाहतूक पोलीस थांबवतात, त्यामुळे “रात्रभर गाडी हाणू” हा उपायही उरत नाही. शनिवारी दुपारी तीन-चार वाजता तुम्ही गोविंदघाटला उतरलात, तर सगळं उत्तम जमून आलं असं समजा.

आता पुढचं. गोविंदघाटहून जीप साधारण चार किलोमीटरवरच्या पुलना गावापर्यंत नेते. तिथून घांघरिया दहा किलोमीटर, सगळा चढ, पाच ते सहा तास. एवढ्या उशिरा आलेल्यांना वर सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून शनिवारची रात्र गोविंदघाटला. रविवारी सकाळी चढायला लागलात तर घांघरियाला पोहोचेपर्यंत दुपार उलटते. दरीच्या फाटकावर दुपारनंतर आत सोडणं बंद होतं आणि संध्याकाळी पाचच्या आत सगळ्यांना बाहेर यावं लागतं. थोडक्यात, ज्या सोमवारी तुम्ही कामावर हजर असायचं, त्या सोमवारी सकाळी तुम्ही पहिल्यांदा दरीत पाऊल टाकता. उतरून, परत ऋषिकेश गाठून विमान पकडेपर्यंत बुधवार उजाडतो. हा हिशेब मी कंजूषपणे मांडलेला नाही. यात एकही दरड धरलेली नाही.

आणि दरड धरावीच लागते. फुलांचा मोसम म्हणजे जुलै-ऑगस्ट, म्हणजेच ऐन पाऊस. (उत्तराखंडातल्या) श्रीनगर ते रुद्रप्रयागच्या मधलं सिरोबगड, पीपलकोटीच्या पुढचा पागल नाला ही नावं त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतात, कारण तिथे दर पावसाळ्यात रस्ता बंद पडतो. कधी दोन तासांत मोकळा होतो, कधी दोन दिवस लागतात. जून २०१३ च्या महापुरात गोविंदघाट ते घांघरियाची जुनी वाट आणि पूल वाहून गेले. आज आपण चालतो त्या वाटेचा बराच भाग त्यानंतर बांधलेला आहे. मार्च २०२५ मध्ये दरड कोसळून गोविंदघाटचा पूलच तुटला आणि मोसम सुरू व्हायच्या आत तिथे बेली पूल (सुट्या लोखंडी भागांचा झटपट जोडलेला पूल) उभारावा लागला. अशा मुलखात राखीव दिवस न ठेवता जाणारा माणूस परतीच्या विमानाच्या काळजीनं ड्रायव्हरला घाई करतो. मला सगळ्यात जास्त भीती याच घाईची वाटते. दोन रात्री न झोपलेला ड्रायव्हर, ओला रस्ता आणि मागच्या सीटवरून “भैया, थोडा तेज” म्हणणारे आपण. तिकिटाच्या पैशांसाठी एवढी जोखीम त्या माणसावर का टाकायची?

(हेलिकॉप्टर आहे ना, असं कुणीतरी विचारतंच. गोविंदघाट ते घांघरिया ती सेवा चालते, पण ढग उतरले की उडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिच्या भरवशावर बेत आखता येत नाही.)

“लहान-थोर कुणीही करू शकतं.” यात अर्धं खरं आहे. वाट बांधलेली आहे, चहा-मॅगीच्या टपऱ्या आहेत, हेमकुंडला जाणारे सत्तरीचे शीख आजोबा मी काठी टेकत चढताना पाहिले आहेत. पण ते आजोबा सावकाश चढत होते, वाटेत मुक्काम करत आले होते. आपल्या लोकांना अंदाज यावा म्हणून सांगतो: कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर. गोविंदघाट अठराशे मीटरच्या आसपास. म्हणजे आपण गाडीतून उतरतो तीच जागा कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे. घांघरिया ३०५० मीटरवर. पुलन्याहून तिथवरचा चढ बारी गावातून कळसूबाई चढण्यापेक्षा जास्तच भरतो, आणि वाटेतला नदीवरचा पूल ओलांडल्यावर तो खरा अंगावर येतो. सवय असलेल्याला काही वाटणार नाही. पण महिनाभर आधीपासून जिने, टेकडी, पाठीवर सॅक घेऊन चालणं असं काहीच न केलेल्यानं “कुणीही” या शब्दावर विसंबू नये. खेचरं आणि पिठ्ठू (पाठीवरून ओझं वाहणारे) मिळतात. खेचरं घांघरियापर्यंत आणि हेमकुंडाच्या वाटेवर चालतात, दरीच्या उद्यानात मात्र त्यांना बंदी आहे.

आता गोळी. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होऊ शकतो आणि तो तंदुरुस्ती पाहून येत नाही. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही होतो. तो लगेच जाणवतही नाही, वर पोहोचल्यावर काही तासांनी, बहुधा पहिल्या रात्री जाणवतो: डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. समुद्रसपाटीवरच्या मुंबईतून निघून दुसऱ्याच रात्री ३०५० मीटरवर झोपायचं आणि पहाटे उठून चार हजार मीटरच्या वरचं हेमकुंड गाठायचं, हा फिरणाऱ्या बेतातला सगळ्यात वाईट भाग आहे. अॅसिटाझोलामाइडची गोळी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते. जुळवून घ्यायला लागणारा वेळ ती रद्द करत नाही. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ती स्वतःच्या मनानं घेणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि एक नियम गोळीपेक्षा महत्त्वाचा: डोकेदुखी-मळमळ असताना आणखी वर चढायचं नाही, त्रास वाढला, बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र असो की पाऊस, सोबतीला माणूस घेऊन खाली उतरायचं. ज्याच्या खिशात सोमवारचं तिकीट आहे त्याला हा नियम पाळणं फार जड जातं.

शिवाय हेमकुंड आणि दरी एकाच दिवशी हा हट्ट कशासाठी? हेमकुंड घांघरियापासून सहा किलोमीटर, हजार मीटरहून जास्त चढ. तिथे मुक्काम करू देत नाहीत, दुपारी सगळ्यांना खाली पाठवतात. तिथून थकून आलेला माणूस दरीच्या फाटकावर पोहोचेल तोवर ते बंद असेल.

तंबूबद्दल एकच वाक्य पुरेसं आहे: दरीत मुक्कामाला बंदी आहे. पण त्यामागचं कारण लोकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून थोडं थांबतो. १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे साथीदार या दरीत उतरले आणि बाहेरच्या जगाला ती माहीत झाली. वाटेवरच्या भ्यूंडार गावच्या लोकांना ती अर्थातच आधीपासून ठाऊक होती. त्यांची जनावरं उन्हाळ्यात तिथे चरत. १९३९ मध्ये फुलांचे नमुने गोळा करायला आलेल्या मार्गारेट लेग या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई तिथेच घसरून वारल्या. त्यांची समाधी आजही दरीत आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, चराई बंद झाली, आणि २००५ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाबरोबर जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. एकूण क्षेत्र साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटर; त्यातलीही माणसाला फिरता येते ती पट्टी अगदी चिंचोळी. वर्षातले सहाएक महिने बर्फाखाली असणाऱ्या या जमिनीत बियाणं रुजून, फुलून, पुन्हा बी धरायला जेमतेम चार महिने मिळतात. त्या काळात दहा तंबू जिथे लागले तिथली माती दबते, आणि पुढच्या वर्षी तिथे काय उगवेल ते सांगता येत नाही. चराई थांबल्यावर पॉलिगोनम नावाची उंच वाढणारी वनस्पती इतकी पसरली की वनखातं ती दरवर्षी उपटून काढतं. इतका नाजूक तोल सांभाळणाऱ्या जागेत “हॉटेलचा खर्च वाचतो” म्हणून घुसायचं, हे मला पटूच शकत नाही. घांघरियात साधी हॉटेलं आहेत, गुरुद्वारा आहे. तिथे राहा, दिलेले पैसे तिथल्याच लोकांच्या हाती पडतात. वाटेवरचा कचराही स्थानिकांची इको-विकास समितीच उचलते.

“एक जूनपासून फुलंच फुलं.” एक जूनला फाटक उघडतं, एवढंच खरं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वाटेवर बर्फाचे पूल आणि हिमनद्यांचे तुकडे असतात, प्रिम्युला वगैरे थोडी फुलं डोकावतात. बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. तेव्हा निळी पॉपी दिसते, तेरड्याच्या हिमालयी भावंडांचे गुलाबी पट्टे दिसतात. ब्रह्मकमळ हवं असेल तर मात्र हेमकुंडाच्या वाटेवर, ऑगस्टच्या सुमारास. सप्टेंबरात फुलं ओसरतात, पण आकाश धुतल्यासारखं होतं आणि डोंगर दिसू लागतात. मला स्वतःला तो काळही आवडतो. ऑक्टोबर अखेर दरी बंद.

मग बेत कसा असावा? पहिला दिवस ऋषिकेश ते जोशीमठ, मुक्काम तिथेच. दिवसा गेलात तर देवप्रयागापासून नंदप्रयागापर्यंत चार प्रयाग याच रस्त्यावर बघायला मिळतात; पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठच्या पुढे, दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी घांघरिया. तिसऱ्या दिवशी फाटक उघडताच दरीत. चौथ्या दिवशी, प्रकृती ठीक असेल तरच, हेमकुंड. नाहीतर पुन्हा दरीतच, आणखी आतपर्यंत. पाचव्या दिवशी उतरून जोशीमठ, सहाव्या दिवशी ऋषिकेश. यावर एक राखीव दिवस, आणि जाण्या-येण्याचा प्रवास वेगळा. रजा आठ-नऊ दिवसांची लागते. यात्रेची ऑनलाइन नोंदणी आधी करा, उद्यानाचा परवाना घ्या, रोख पैसे जोशीमठलाच काढून ठेवा, जीन्स घरी ठेवा. पाँचो आणि पकड असलेले बूट हवेतच. ओल्या दगडावर खेचरांची लीद पडलेली असते.

एवढी रजा मिळत नसेल आणि फुलंच पाहायची असतील, तर साताऱ्याजवळचं कास पठार शनिवार-रविवारात खरोखर होतं. पश्चिम घाटाच्या २०१२ च्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सीतेची आसवं, गेंद, तेरडा असा बहर असतो. तिथेही रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवलेली आहे, म्हणून वेळ ऑनलाइन नोंदवूनच निघा, आणि जमलं तर शनिवार-रविवार सोडून मधला एखादा दिवस निवडा.