इनचार्जचा आवाज

वॉर्डची इनचार्ज नर्स झाले त्या दिवशी एका सिनियर सिस्टरने बजावलं, "आता आवाज वाढव, नाहीतर कोणी जुमानणार नाही." मी वाढवला. आठवडाभर सगळ्यांवर खेकसत फिरले आणि घरी येऊन 'हे आपल्याला झेपणार नाही' म्हणून रडले. (घसा बसला तो वेगळाच.)

सल्ला मनापासून दिलेला होता, पण चुकीचा होता.

नर्सिंगच्या अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या प्रवासाचे नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत पाच टप्पे मांडले. त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली : अनोळखी कामात पडली की मुरलेली नर्ससुद्धा पुन्हा नवशिकी होऊ शकते. माझं तेच झालं होतं. सलाईन लावताना कधी न थरथरलेला हात ड्यूटी लिस्ट लिहिताना थरथरायचा. नाइट कोणाला द्यायची, ऑफ कोणाचा कापायचा, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्याच महिन्यातली एक रात्र. तीन वाजता मी डॉक्टरांना फोन केला. "सॉरी सर, झोपमोड केली. सात नंबरचा पेशंट जरा बरा वाटत नाही." उत्तर आलं, "सकाळी बघू." फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. चूक डॉक्टरांची नव्हती असं नाही, पण मी तरी त्यांना काय सांगितलं होतं?

चार्ट हातात घेऊन पुन्हा लावला. "काल पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट. श्वास दोन तासांपूर्वी मिनिटाला २० होता, आता २८ आहे. नाडी ११२, सॅच्युरेशन ९३. प्रकृती ढासळतेय असं मला वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघा." ते आले. आवाज माझा तेवढाच बारीक होता.

याला एसबार म्हणतात हे नंतर समजलं. परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि मागणी. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आलेली पद्धत. पहिले दोन भाग आम्ही झोपेतही सांगू. अडतो ते पुढच्या दोनवर, कारण 'मला वाटतं' आणि 'तुम्ही या' म्हणायची सवयच आम्हाला लावलेली नसते. आत्मविश्वास आधी येतो आणि मग माणूस बोलतो, असं मी समजत होते. माझ्या बाबतीत तरी तो दुसऱ्या फोननंतर आला.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दिवाच सगळ्यांना आठवतो. १८५४ मध्ये ३८ जणींना घेऊन त्या युद्धावरच्या इस्पितळात गेल्या, हेही ठाऊक असतं. पण त्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनीच जास्त सैनिक मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये आकडे आणि आकृत्यांनी सरकारपुढे मांडलं. नर्सिंग डेच्या भाषणांत ते का येत नाही, कोण जाणे.

आणि एक, थोडं लाजत सांगते. परवा इन्सुलिनची डबल चेकिंग करताना दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेली मुलगी म्हणाली, "सिस्टर, युनिट्स परत बघता का?" क्षणभर डोक्यात तिडीक गेली. मला शिकवते? बघितलं. तिचं बरोबर होतं. राउंडच्या वेळी सगळ्यांसमोर ते सांगितलं, तर ती बिचारी माझ्यापेक्षा जास्त घाबरली.