पासवर्ड धाब्यावर बसवण्याची रीत

घरातच संगणकांची छोटी प्रयोगशाळा, म्हणजेच होम लॅब, थाटण्याचा छंद आपल्याला जडला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशा दिवसांत वरच्या खोलीत दोन जुने संगणक, रास्पबेरी पाय नावाचा एक तळहाताएवढा संगणक आणि कोण्या कचेरीने भंगारात काढलेला चोवीस तारांची तोंडे असलेला, यंत्रे एकमेकांना जोडणारा स्विच रात्रंदिवस चालू ठेवायचा, याला छाती लागते. वीजबिल पाहून घरातली माणसे काय बोलतात, तो विषय वेगळा. आपला विषय आहे पासवर्डांचा, आणि माझा पहिला सल्ला असा की, त्यांची मुळीच लपवाछपवी करू नये.

आपल्या खान्देशात जुन्या घरांना मातीचे धाबे असते. उन्हाळ्यात जेवणे उरकली की सगळी गल्ली अंथरुणे घेऊन धाब्यावर चढते, आणि मग कोणाच्या केळीला काय भाव मिळाला, कोणाची सोयरीक कुठे मोडली, हे एका धाब्यावर बोललेले तिसऱ्या धाब्यावर आपोआप पोहोचते. त्यासाठी कोणालाही कान टवकारावे लागत नाहीत. टेलनेट हा दूरच्या यंत्राला आदेश देण्याचा संगणकांमधला संवाद याच परंपरेतला आहे. त्याचे प्रमाण ठरलेले नियम १९८३ सालचे. तेव्हाचे जाळे मुख्यतः विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि सरकारी खाती यांच्यापुरतेच होते, त्यामुळे बोलणे झाकून करण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. आपल्या स्विचलाही ती वाटत नाही. तो तेवीस क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे त्या संवादासाठी नेमलेल्या दारावर, ताटकळत उभा असतो, आपण नाव सांगतो, पासवर्ड सांगतो, आणि दोन्ही गोष्टी एकेक अक्षर करून तारेतून, नाहीतर हवेतून, उघड्या अंगाने निघतात.

आपण म्हणाल की, पासवर्ड टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, म्हणजे तो गुप्तच असणार. हा विश्वास आपण जपावा. माझाही तो होता. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा भुसावळहून आला आणि माझ्या परवानगीने, किंवा खरे सांगायचे तर माझ्या फुशारकीमुळे, आपला लॅपटॉप उघडून बसला. त्याने वायरशार्क सुरू केले. हा कार्यक्रम १९९८ पासून फुकट मिळतो, तेव्हा त्याचे नाव इथरियल होते, आणि जाळ्यावरून जाणारी माहितीची प्रत्येक पुडी सोडून दाखवणे एवढेच त्याचे काम. भाच्याने एका ओळीवर टिचकी मारून संपूर्ण संवाद सलग वाचण्याचा पर्याय निवडला. समोर लाल आणि निळी अक्षरे आली. लाल माझी, निळी स्विचची. आपण टंकलेले प्रत्येक अक्षर पडद्यावर दिसावे म्हणून स्विच ते परत पाठवतो, त्यामुळे माझे वापरकर्तानाव तेथे बोबड्यासारखे दिसत होते: ए-ए, डी-डी, एम-एम, आय-आय, एन-एन. पासवर्ड मात्र गुप्त असल्याने स्विच तो परत पाठवत नाही. म्हणून तो तेवढा एकदाच, सुटसुटीत, शाळेतल्या सुलेखनासारखा उमटला होता. ज्या सोयीने तो माझ्या पडद्यावरून लपवला, त्याच सोयीने तो भाच्याच्या पडद्यावर वाचायला अधिक सोपा केला.

भाचा एवढेच म्हणाला, "मामा, यात मामींचं नाव आणि लग्नाचं साल आहे ना?"

यावर जाणकार वाचक लगेच आक्षेप घेतील की, पूर्वीच्या हबमध्ये प्रत्येक पुडी प्रत्येकाकडे जात असे हे मान्य, पण स्विच तर ज्याची पुडी त्यालाच देतो, मग ती भाच्याकडे कशी गेली? हा आक्षेप उराशी बाळगूनच आपण निर्धास्त झोपावे. कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा, हे जाळ्यात ज्या पद्धतीने ठरते तिला एआरपी म्हणतात, आणि ती १९८२ पासून मोठ्या भोळेपणाने चालू आहे. गर्दीच्या हॉटेलात पोऱ्या "शेवभाजी कोणाची?" असे ओरडतो आणि जो हात वर करील त्याच्यापुढे ताट ठेवून पुढे जातो, तसाच हा व्यवहार. फरक एवढाच की, एआरपीत कोणी विचारलेले नसतानाही हात वर करता येतो. भाच्याने माझ्या लॅपटॉपला सांगितले की स्विच मीच, स्विचला सांगितले की मामांचा लॅपटॉप मीच, आणि दोघांनीही ओळखपत्र न मागता मान डोलावली. शेवभाजी त्याने चाखली आणि पुढे पोहोचवली. माझ्या ताटात काही कमी पडले नाही, म्हणून मला कळले नाही.

वाय-फायला पासवर्ड आहे, हे दुसरे समाधान. ते तर अवश्य बाळगावे, आणि तो पासवर्ड खालच्या भाडेकरूला, शिकवणीला येणाऱ्या पोरांना, कानबाईच्या रोटांना जमलेल्या सगळ्या भाऊबंदांना उदार मनाने सांगावा. डब्ल्यूपीए-टू पद्धतीच्या घरगुती वाय-फायमध्ये ज्याला तो सामायिक पासवर्ड ठाऊक आहे आणि आपले यंत्र जोडले जातानाची सुरुवातीची देवाणघेवाण ज्याने टिपली आहे, त्याला आपली हवेतली बोलणी उलगडता येतात. म्हणजे जावयाला वाय-फाय दिले की किल्लीही दिली. जावई तसा नसतो, हे मलाही मान्य आहे. पण त्याच्या फोनमध्ये फुकटच्या खेळांसोबत काय काय शिरले आहे, ते जावयाला तरी कुठे ठाऊक असते?

आता वेबपानांकडे वळू. राउटरचे, कॅमेऱ्याचे, फाइली साठवणाऱ्या पेटीचे पान एचटीटीपीवर, म्हणजे वेबपानांच्या साध्या, न झाकलेल्या बोलीत, उघडले की, पत्त्याच्या पट्टीत ब्राउझर "असुरक्षित" असे पुटपुटतो. क्रोमने २०१८ पासून सगळ्याच साध्या पानांना ही पाटी लावली आहे. तिकडे दुर्लक्ष करावे. उलट, त्याच पेटीने स्वतःच बनवलेल्या ओळखीच्या प्रमाणपत्रासह एचटीटीपीएस, म्हणजे तीच बोली पण झाकलेली, सुरू केले, तर ब्राउझर पानभर इशारा देऊन अंगावर येतो. यावरून आपण सरळ निष्कर्ष काढावा की, जेथे आरडाओरडा जास्त तेथे धोका जास्त, आणि परत साध्या एचटीटीपीवर यावे, जेथे सगळे कसे शांत असते. इंटरनेटवर स्वतःचे नाव, म्हणजे डोमेन, असेल तर घरातल्या यंत्रांसाठीही लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट प्रमाणपत्र मिळते आणि त्यासाठी यंत्र इंटरनेटवर उघडे टाकावे लागत नाही, ही माहिती कोणी देऊ लागल्यास विषय भरताच्या वांग्यांकडे न्यावा.

काही पाने पासवर्ड "सांकेतिक" करून पाठवतात, असे आपण मित्रांना छाती फुगवून सांगत असाल, तर ती पद्धत बहुधा बेसिक ऑथेंटिकेशन असते. तीत नाव आणि पासवर्ड मध्ये विसर्गासारखी खूण घालून जोडतात आणि बेस-६४ नावाच्या वळणात लिहितात. जुन्या खरेदीखतातली मोडी आपल्याला वाचता येत नाही म्हणून ती गुप्त आहे असे मानण्यासारखेच हे आहे. मोडी ही लिपी आहे, कुलूप नव्हे. ज्याला येते तो चष्मा पुसतो आणि वाचतो. बेस-६४ वाचायला तर चष्माही लागत नाही, वायरशार्क स्वतःच त्याखाली उलगडा छापून देते. शिवाय ब्राउझर हा कागद एकदा दाखवून थांबत नाही. त्या पेटीकडे केलेल्या प्रत्येक मागणीसोबत तो पुन्हा जोडतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला उशीर झाला तरी त्याची निराशा होत नाही.

फाइली पाठवण्याच्या एफटीपी या जुन्या पद्धतीचे फार सांगायला नको. तेथे "यूजर" आणि "पास" अशी शीर्षके देऊनच मजकूर जातो, शोधणाऱ्याचे डोळेसुद्धा दुखत नाहीत.

हे सगळे नीट पार पडण्यासाठी एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे, ते म्हणजे सर्वत्र एकच पासवर्ड. स्विचला जो, तोच फाइलींच्या पेटीला, तोच ईमेलला, तोच बँकेला. वेगवेगळे ठेवले तर धाब्यावरून ऐकलेल्या एका शब्दाने घराचे एकच दार उघडेल, आणि ऐकणाऱ्याची मेहनत वाया जाईल. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलात तर त्याला ऐकण्याचेही कष्ट नकोत. २०१६ साली मिराई नावाच्या किड्याने कॅमेरे आणि राउटर टेलनेटवरून असेच धरले होते. त्याच्या खिशात साठएक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, आणि तेवढ्या पुरल्या.

फिनलंडमध्ये तातू यलोनेन नावाच्या संशोधकाला मात्र हा धाब्यावरचा मोकळेपणा मानवला नाही. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड ऐकत बसल्याचे उघडकीस आले, तेव्हा त्याने १९९५ साली टेलनेटचेच काम बोलणे झाकून करणारे एसएसएच लिहून काढले. त्याला बावीस क्रमांकाचे पोर्ट मिळाले, टेलनेटच्या तेवीसला अगदी भिंतीला भिंत. माझ्या भंगारातल्या स्विचमध्येही ते आहे, हे भाच्याने दाखवले. किल्ल्यांची जोडी तयार करायची, एसएसएच चालू करायचे, टेलनेट बंद करायचे, चहा निवण्याआधी होणारे काम. मी त्याला म्हटले, आधी उघडा पडलेला पासवर्ड बदलू, बाकीचे रात्री ऊन उतरल्यावर पाहू. निकड मोठी होती, म्हणून समोर उघडीच असलेली टेलनेटची खिडकी पुढे ओढली आणि नवा, चौदा अक्षरांचा, कोणाचेही नाव नसलेला पासवर्ड त्यात घातला. स्विचमध्ये तो आदेशाच्याच ओळीत लिहावा लागतो, त्यामुळे या वेळी पडद्यावर दिसतही होता.

भाच्याने आपला लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वायरशार्क चालूच होते.

"मामा," तो म्हणाला, "हा मात्र दोनदा आलाय."