गुरुजी, आधी 'ॲक्सेप्ट' करा, मग शिकवा

शिक्षकांनी विद्यार्थ्यांशी समाजमाध्यमांवर मैत्री करावी की करू नये, या प्रश्नावर अजूनही चर्चासत्रे भरतात, याचे मला नवल वाटते. करावीच, यात शंका कसली? फेसबुकचा जन्मच मुळी 2004 मध्ये एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी झाला. तिथे ते यजमान आणि आपण आगंतुक. यजमानांनी दार उघडले असता उंबऱ्यावर ताटकळत राहणे शिष्टाचाराला धरून नाही. नुकत्याच आलेल्या एका अनुभवाने या विषयातले माझे ज्ञान बरेच वाढले असल्यामुळे, शिक्षकी पेशात नव्याने येणाऱ्या बंधुभगिनींच्या हितासाठी काही सूचना येथे करीत आहे.

आपला खाजगी मोबाइल क्रमांक पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून टाकावा. पुढचे काम यंत्रणा करते. क्रमांक विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये साठला की फेसबुक आणि इन्स्टाग्राम 'यांना तुम्ही ओळखत असाल' म्हणून आपले नाव आपण होऊन सुचवू लागतात. मग सहलीत पाण्यात पाय सोडून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेला आपला फोटो सोमवारपर्यंत स्टिकर होऊन वर्गात फिरू लागतो, आणि इतकी वर्षे व्याख्याने देऊन जी लोकप्रियता लाभली नाही, ती एका दिवसात पदरी पडते.

विद्यार्थ्याच्या प्रत्येक स्टोरीला बदाम द्यावा.

आपली राजकीय मते दररोज, शक्यतो रागाच्या भरात, मांडावीत. अभ्यासक्रमातले काही लक्षात राहिले नाही तरी ती विद्यार्थ्यांना तोंडपाठ होतात, आणि कमी गुण मिळाले की त्यांचा संदर्भासह उपयोगही करता येतो.

आता वेळेविषयी. शाळा-महाविद्यालयांची वेळ ही जुन्या काळातली कल्पना आहे. विद्यार्थ्याची जिज्ञासा रात्री अकरानंतर जागी होते आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तर ती पहाटेपर्यंत डोळा लागू देत नाही, हे ध्यानात घेऊन शिक्षकाने फोन उशाशी ठेवावा. गेल्या पंधरवड्यात मध्यरात्रीच्या सुमारास मला 'सर, झोपलात का?' असा संदेश आला. पाठोपाठ प्रश्नचिन्ह आले, मग तीन प्रश्नचिन्हे आली, आणि शेवटी मूळ जिज्ञासा प्रकटली: सबमिशनची तारीख कोणती? ही तारीख वर्गात दोनदा सांगितलेली होती, सूचना फलकावर लावलेली होती आणि ज्या ग्रुपवर हा प्रश्न विचारला गेला त्याच ग्रुपवर वरती पिन करून ठेवलेली होती. मी तेव्हा घरच्या आजारी माणसासाठी औषधाची चौकशी करीत होतो, म्हणून संदेश उघडला गेला आणि उत्तर राहून गेले. दुसऱ्या दिवशी 'सर ऑनलाइन असूनही जाणीवपूर्वक उत्तर देत नाहीत' अशी लेखी तक्रार कार्यालयात दाखल झाली, आणि सोबत पुरावा म्हणून माझ्या 'लास्ट सीन'चा आणि संदेश वाचल्याच्या निळ्या टिकांचा स्क्रीनशॉट जोडलेला होता.

व्हॉट्सॲपने 2014 मध्ये निळ्या टिका आणल्या तेव्हा त्यांचा असा न्यायवैद्यक उपयोग होईल, हे बहुधा त्यांच्याही मनात आले नसेल. त्या बंद करता येतात, असे कोणी सांगेल. येतात, परंतु ग्रुपमध्ये तो उपाय लागू पडत नाही, तिथे कोणी कोणता संदेश वाचला हे पाठवणाऱ्याला दिसतच राहते. तेव्हा मला 'विद्यार्थ्यांशी सुसंवाद का राखला नाही' याचा खुलासा देण्याचे पत्र मिळाले. याच कार्यालयाने वर्षाच्या आरंभी 'विद्यार्थ्यांशी वैयक्तिक खात्यावरून संपर्क ठेवू नये' असे परिपत्रक काढले होते, आणि नंतर 'प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या क्रमांकावरून वर्गाचा ग्रुप करून सदैव उपलब्ध राहावे' असे दुसरे. दोन्ही परिपत्रके व्हॉट्सॲपवरच आली. खुलाशात मी दोन्ही जोडून पाठवली आहेत आणि यांपैकी कोणत्या आज्ञेचा भंग केल्याबद्दल मी दोषी आहे, अशी नम्र पृच्छा केली आहे. त्या पत्रावर मात्र अद्याप निळी टीक आलेली नाही.

अशा ग्रुपवर केवळ ॲडमिनलाच संदेश पाठवता येतील, अशी सोय 2018 पासून आहे. ती चुकूनही वापरू नये. सुप्रभात, पाळीव मांजर, फुटलेल्या प्रश्नपत्रिकेची अफवा आणि 'आज तास आहे का' हे सारे थांबले, तर ज्ञानाचा प्रवाहच खुंटेल.

यापुढची सूचना जरा नाजूक आहे. मैत्रीची विनंती शक्यतो शिक्षकानेच विद्यार्थ्याला पाठवावी. विद्यार्थी ती नाकारत नाही. नाकारणार कसा? अंतर्गत गुण आपल्या हातात, प्रात्यक्षिकाची वही आपल्या सहीसाठी थांबलेली, शिफारसपत्र आपणच लिहायचे. ज्याला नाही म्हणण्याची सोयच नाही, त्याचा होकार मिळवून आपण त्याला 'फ्रेंड' म्हणतो आणि वर आपल्या फोटोखाली त्याने 'सुंदर, सर' असे लिहिले की त्या कौतुकावर विश्वासही ठेवतो. वर्गात असाही एखादा असतो ज्याच्याकडे स्वतःचा फोन नाही, किंवा ज्याला घरून खाते उघडू दिलेले नाही, किंवा ज्याचे वय बहुतेक माध्यमांनी घातलेल्या 13 वर्षांच्या अटीतही बसत नाही. परीक्षेत कोणते प्रकरण महत्त्वाचे, हे आपण रात्री स्टोरीवर टाकतो आणि त्याला सकाळी इतरांच्या चेहऱ्यांवरून कळते. त्याचा दोष एवढाच की तो आपला 'फॉलोअर' नाही.

संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय व्हॉट्सॲपने 2020 मध्ये दिली. विद्यार्थ्यांशी एकांतात बोलणाऱ्या शिक्षकांना ती फार उपयोगी...

नाही, ही सूचना उपरोधाने पुरी करणे मला जमणार नाही. ज्या शिक्षकाला अल्पवयीन विद्यार्थ्याशी बोलल्याची खूण मागे ठेवायची नाही, त्याने शिकवणे सोडावे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याने 2011 मध्ये याच भीतीने कायदा केला आणि शिक्षक व विद्यार्थी यांच्या अशा खाजगी ऑनलाइन संपर्कावर बंदी घातली. तो इतका ढोबळ होता की शिक्षकाला त्याच शाळेत शिकणाऱ्या स्वतःच्या पोटच्या मुलांशीही असे बोलता आले नसते. न्यायालयाने ती तरतूद लागू होण्याआधीच रोखली आणि त्याच वर्षी ती रद्दही झाली. न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण विभागाने 2012 मध्ये अधिक शहाणपणाचा मार्ग धरला: कामाचे खाते वेगळे, खाजगी वेगळे, आणि खाजगी खात्यावर विद्यार्थी नकोत. यात न समजण्यासारखे काय आहे?

तरीही समजत नाही, कारण समजून घेणे कोणालाच सोयीचे नाही. वर्गातल्या मुलांना रीलमध्ये नाचवून स्वतःचे फॉलोअर वाढवणाऱ्या सहकाऱ्यांनो, ती मुले तुमच्याकडे शिकायला येतात, तुमच्या जाहिरातीत फुकट काम करायला नव्हे, आणि 'मुलांनाच हौस आहे' हे सांगू नका. हजेरी ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर कोणालाही हौस येते. विद्यार्थ्यांनो, शिक्षक ऑनलाइन दिसला म्हणजे तो तुमच्यासाठी दुकान उघडून बसलेला नसतो. पिन केलेला संदेश आधी वाचा, मग विचारा, आणि कोणाच्याही घरच्या फोटोचे स्टिकर करण्याआधी आपल्या घरातल्या माणसांचे केलेले चालेल का, एवढा विचार करा. पालकांनो, शिक्षकाचा क्रमांक मुलांना मिळाला म्हणजे मुलांच्या अभ्यासाकडे पाहण्याची आपली पाळी संपली, असे नाही.

आणि संस्थाचालकांनो, तुम्हाला चोवीस तास विद्यार्थ्यांच्या संपर्कात राहायचे असेल तर संस्थेच्या नावाचे खाते उघडा, संस्थेच्या पैशाने फोन घ्या, त्यावर उत्तर देण्याची वेळ जाहीर करा, माणूस नेमा आणि त्याला पगार द्या. ते करायचे नसेल तर रात्री बाराला कोण ऑनलाइन होते याची चौकशी करणे बंद करा आणि आधी तुमची ती दोन परिपत्रके शेजारी ठेवून एकदा वाचा.