तुला त्यातलं कळतं ना

आमचं ऑफिस म्हणजे डोंबिवली पूर्वेचा एक टू बीएचके, भाडं सहा जणांत. भाषांतरं करणारा मी, एक सीए काका, एक आर्किटेक्ट मॅडम, वेबसाइटवाली दोन पोरं आणि ऑनलाइन जर्मन शिकवणाऱ्या एक वहिनी. सकाळच्या फास्ट लोकलला लोंबकळायचं नाही, या एकाच मुद्द्यावर आमची युती आहे.

पहिल्याच आठवड्यात नेट गेलं तेव्हा मी उठून राउटरचा प्लग काढला, दहापर्यंत मोजलं आणि परत लावला. चाललं. तेवढं एक पाप हातून घडलं आणि तेव्हापासून नेट गेलं की सहाही जणांचं... म्हणजे माझं सोडून पाच जणांचं एकच वाक्य, "बघ रे जरा, तुला त्यातलं कळतं ना."

राउटर केबलवाल्याने दिलेला, दाराजवळ काकांच्या लोखंडी कपाटामागे, कारण वायर तिथून आत आली म्हणून तो तिथे. आतल्या खोलीत नेट पोचेना. काका म्हणाले प्लॅन वाढवू. १०० एमबीपीएसचा २०० केला, आतल्या खोलीत ढिम्म फरक नाही. गच्चीवरची टाकी डबल केली आणि नळ तोच, असा प्रकार. वर काकांनी फाइल डाउनलोड करून घड्याळ लावून बघितलं आणि म्हणाले सेकंदाला पंचवीस एमबीसुद्धा येत नाही, आपल्याला फसवलं. आता हिशोबाच्या माणसाला मी काय सांगणार की काका, प्लॅनमधले ते बिट असतात, फाइल मोजतात बाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागायचं, म्हणजे कागदावरसुद्धा पंचवीसच्या वर जात नाही. सांगितलं. "म्हणजे सात भाग टीडीएसमध्येच गेले की," म्हणाले.

मग पोरांपैकी एकाने रिपीटर आणला. रिपीटर म्हणजे लग्नात गुरुजी काय म्हणाले ते ऐकून मागच्या रांगेला सांगणारी मावशी. आधी ऐकणार, मग तेच परत बोलणार, आणि स्वस्तातल्यात ऐकायला न् बोलायला एकच रेडिओ, त्यामुळे स्पीड निम्मा. रेंजच्या कांड्या मात्र फुल्ल, म्हणून सगळे खूश, आणि पान काही उघडत नाही.

शेवटी मोबाइलवर अ‍ॅप टाकून बघितलं तर आमच्या हॉलमध्ये एकतीस वायफाय दिसत होते. समोरच्या बिल्डिंगची फोडणी आमच्याकडे येते तर त्यांचं वायफाय का नाही येणार. आमच्या राउटरच्या वायफायच्या लाइनी दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ मध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनल, म्हणजे रूळ, तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यात एकतीस बिऱ्हाडं. म्हणजे आपण जी लोकल टाळायला इथे आलो तीच भिंतीतून आत आलेली. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे फर्स्ट क्लास, ऐसपैस, पण एखादी जाड भिंत आली की उतरून जातो. दोन्हींना वेगळी नावं दिली तर सगळे ५ वर गेले आणि प्रिंटर एकटा २.४ वर राहिला, कारण त्याला दुसरं येतच नाही. आमचा राउटर या दोन लाइनींची गाठ घालून देईना, त्यामुळे तो कुणालाच दिसेना. मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या.

आणि वहिनींचा एकचा क्लास. रोज एक वाजून पाच मिनिटांनी वहिनी गोठायच्या, तोंड उघडं, हात वर. मी केबलवाल्याला फोनवर नको नको ते बोललो. महिनाभराने माझ्याच डब्यातली आमटी गरम करताना डोक्यात प्रकाश पडला. मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, आणि आमचा जुना, दार नीट न बसणारा. सहा डबे, प्रत्येकी दोन मिनिटं. वहिनींना ५ वर हलवलं आणि केबलवाल्याला फोन केला नाही, चूक कबूल करायला कोण फोन करतं.

आता मात्र रीतसर केलंय. पट्टीतून लॅन केबल आत नेली, आतल्या खोलीच्या छताला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने नेट घेऊन तिथेच वायफाय देणारा डबा, लावला, रिपीटर काढला आणि राउटर कपाटामागून मोकळ्यावर आणला. पण राउटरला जागा करायची म्हणून कपाट हलवावं लागलं, आणि ते मावत होतं फक्त माझ्या टेबलाला खेटून. एका बाजूला बाथरूमची भिंत, दुसऱ्या बाजूला काकांची दहा वर्षांची रिटर्न्स. सगळीकडे नेट धावतंय, माझ्या खुर्चीत एक कांडी. सांगणार कुणाला, मग गुपचूप मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बसतो.

काल मॅडम दारातूनच ओरडल्या, "अरे, हे नवीन नेट कुठलं लावलंस? फुल रेंज आहे! पासवर्ड सांग ना."