गेस्ट लिस्टला नाव टाक ना

परवाच्या गुरुवारी मुंढव्यातल्या एका क्लबात ७४ माणसं होती. मी मोजली. त्यातल्या ४३ जणांनी तिकीट काढलं होतं आणि ३१ जण गेस्ट लिस्टवर, म्हणजे फुकट होते. हे आकडे दारावर बसलेल्या पोराने मला सांगितले, कारण तो मला बँडपैकी कुणाचा तरी बाप समजला.

बाप नाही, शेजारी. गाणारी मुलगी आमच्याच सोसायटीतली, बी विंगमधली. लहानपणी गणपतीत आरतीला पेटी वाजवायची, आता गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून स्वतःची गाणी म्हणते. चौघांचा बँड आहे. दोघं नोकरी करतात, एक आर्किटेक्चरला आहे, ड्रमर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. बँडचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर ही पोस्ट जाहिरात वाटेल, आणि खाली जो हिशेब मांडणार आहे तो त्यांच्या घरी वाचला जाईल.

"काका, तुमचं नाव लिस्टला टाकलंय हां, दारावर फक्त सांगा," असा तिचा आदल्या दिवशी मेसेज होता. मी ४९९ रुपये भरून तिकीट काढलं. तिला ते जरा लागलं. मग मी तिला आणि तिच्या वडिलांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी माझी लायकी सांगतो. १९९६ ते ९९ मी कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवायचो. वाजवायचो म्हणजे धरायचो. आमच्या काळी पुण्यात असं ठिकाण नव्हतंच म्हटलं तरी चालेल. कॉलेजांची गॅदरिंग्ज, कुणाच्या तरी फार्महाऊसवरची पार्टी, आणि वर्षातून एकदा मुंबईला जाऊन धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' बघायचं. तो महोत्सव १९८६ साली सुरू झालेला. उघड्यावरचं रंगभवन, घामाने भिजलेले काळे टीशर्ट, परतीच्या गाडीत दाराजवळ वर्तमानपत्र टाकून बसणं. पुढे आवाजाचे नियम आले, रुग्णालयं आणि शाळा-कॉलेजांभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात गेले, आणि कॉलेज-हॉस्पिटलांच्या मधोमध असलेलं रंगभवन गप्प झालं. मला त्याचं दुःख आहे, पण नियम चुकीचा होता असं म्हणवत नाही. हॉस्पिटलातल्या माणसाला कुणाच्या गिटारशी काय देणंघेणं?

पुढची पिढी नशीबवान. लोअर परळला मथुरादास मिल कंपाउंडमधल्या जुन्या गोदामात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' हा क्लब निघाला, २०१६ पर्यंत चालला. पुण्यात २०१० साली कोरेगाव पार्कात पहिला 'एनएच७ वीकेंडर' हा संगीत महोत्सव झाला. लोक वीकेंडरच्या गोष्टी फार सांगतात. मलाही आवडायचं. पण मैदानात दहा हजारांत उभं राहून बँड दिसतो तो पडद्यावर. तिथे पोचायच्या आधी त्या बँडने कुठे कुठे वाजवलं, कुठे पडले, कुठे ड्रमरशी भांडण झालं, ते सगळं अशा ७४ माणसांच्या खोलीत घडलेलं असतं.

आता गुरुवारची गोष्ट.

मी चारलाच गेलो होतो, कारण ड्रमरच्या झांजा माझ्या गाडीतून न्यायच्या होत्या. क्लबाचा स्वतःचा ड्रमसेट असतो, पण झांजा, स्नेअर नावाचा छोटा ड्रम आणि पायाचं पेडल आपापलं आणायचं. त्याला हे लोक 'ब्रेकेबल्स' म्हणतात. साऊंडचेक नेहमी उलट्या क्रमाने होतो. शेवटी वाजवणारे आधी चेक करतात आणि पहिले वाजवणारे शेवटी, म्हणजे त्यांचं सेटिंग मोडावं लागत नाही. आमच्या पोरांचा चेक पाच वाजता झाला आणि मग ती चार तास वडापाव खात बसली.

रिकाम्या खोलीत लावलेला आवाज माणसं भरल्यावर तसा राहत नाही. झांजांची चरचर माणसांचे कपडे आणि अंगं पिऊन टाकतात. साऊंड करणारा पोरगा हे जाणून होता. चेकच्या वेळी मला गाणं अंमळ टोचरं वाटलं, तर म्हणाला, "सर, लोकं येऊ देत." लोकं आली आणि खरंच बसलं. असल्या ठिकाणी उभं राहायची एकच जागा आहे, त्याच्या टेबलाच्या मागे. तो स्वतःला बरं वाटेल तेच ऐकवत असतो, आपण त्याच्या कानाशेजारी कान ठेवायचा.

तिसऱ्या गाण्यात बेस वाजवणाऱ्या पोराच्या मॉनिटरने, म्हणजे स्टेजवर त्याला स्वतःचं वाजवणं ऐकवणाऱ्या स्पीकरने, मान टाकली. म्हणजे बाहेर आपल्याला बेस ऐकू येत होता, त्याला स्वतःला येत नव्हता. त्याने एकदा साऊंडवाल्याकडे बघितलं, बोट वर केलं, काही झालं नाही. मग त्याने मान वळवली आणि अख्खं गाणं ड्रमरच्या उजव्या पायाकडे बघत वाजवलं. किक ड्रमचं पेडल खाली जाताना दिसलं की तार. ऐकू येत नसताना, फक्त बघून. चार मिनिटं. एक सूर चुकला, तोही मला कळला कारण मी त्याच जागी तसाच उभा राहून चुकलेलो आहे. बाकी ७३ जणांना पत्ता नाही. गाणं संपल्यावर त्याने पँटला हात पुसले, बस्स. माझ्यासाठी तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले. मैदानात हे मला दिसलं असतं का? तिथे कॅमेरा गाणाऱ्या मुलीवर असतो.

बरं, सगळं काही छान होतं असंही नाही. त्यांचं एकच मराठी गाणं होतं आणि ते सगळ्यांत कच्चं होतं. इंग्रजी गाण्यांत ही मुलगी आपल्या पीएमटीच्या प्रवासाबद्दल, आजीच्या विसरभोळेपणाबद्दल लिहिते, आणि मराठीत आली की एकदम चांदणं, किनारा, तुझी आठवण. मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "काका, मराठीत लिहिताना सगळे काका-मावश्या डोळ्यांसमोर येतात." बाण वर्मी लागला. आपण पोरांना म्हणतो मराठीत गा, आणि ती गायला लागली की व्याकरण तपासायला बसतो. 'अभंग रिपोस्ट' या बँडची पोरं नामदेव-तुकारामांचे अभंग ड्रम्स आणि बेसवर घेऊन येतात, तेव्हा लोक डोलतात, मीही डोलतो. पण तिथे शब्दांची जबाबदारी संतांनी घेतलेली आहे. स्वतःचं, आजचं, नवं मराठी गाणं बँडबरोबर उभं करायचं तर ते तीस-चाळीस वेळा लोकांसमोर पडावं लागतं. पडायला जागा हवी. ती जागा हीच.

दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकं केली आणि आपण आजही ती चळवळ म्हणून सांगतो. तिथेही फसलेले प्रयोग झालेच असणार. ते बघायला लोक आले म्हणून पुढचे झाले. बँडच्या बाबतीत मात्र आपली अपेक्षा अशी की पोरांनी आधी प्रसिद्ध व्हावं, मग आम्ही येऊ.

आणि आलो की काय करतो? मधल्या शांततेत मागून एक गृहस्थ ओरडले, "अरे, ओळखीचं काहीतरी वाजवा!" ते गेस्ट लिस्टवरचे होते, मुद्दाम विचारून घेतलं. अनोळखी गाणी ऐकायला आलोय हेच त्यांच्या गावी नव्हतं.

वेळेचंही तेच. सातचा कार्यक्रम आठ वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला, कारण सातला खोलीत अकरा माणसं होती. जो पुणेकर नाटकाच्या तिसऱ्या घंटेआधी खुर्चीत असतो आणि उशिरा येणाऱ्याकडे जळजळीत बघतो, तो इथे साडेआठला येतो, 'अजून चालू झालं नसेलच' म्हणून. हा क्लब अर्धा उघडा आहे, त्यामुळे दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद. बंदिस्त सभागृहाला जी सवलत आहे ती गच्चीला नाही. आमच्या पोरांनी १४ गाणी बसवली होती, नऊ झाली. (विसर्जन मिरवणुकीत दहानंतर काय चालतं यावर मी बोलणार नाही, मला याच शहरात राहायचंय.)

आता हिशेब. तिकीट ४९९ का, ५५० का नाही? तर संगीताच्या कार्यक्रमाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, वर गेलं की १८ टक्के. म्हणून छोट्या गिगची, म्हणजे अशा कार्यक्रमांची, तिकिटं तिथेच घुटमळतात. ४३ तिकिटांचे झाले २१,४५७. क्लबाशी ठरलेलं ७०-३०, म्हणजे बँडचे सुमारे १५,०२०. त्यातून साऊंडवाल्याचे ४,०००. सामान आणि माणसं चिंचवडहून नेण्या-आणण्याचे १,८००. सहा वेळा दोन-दोन तास जॅमरूम, म्हणजे सरावाची भाड्याची खोली, तासाला ४००, म्हणजे ४,८००. उरले ४,४२०. चौघांत माणशी ११०५. बेसच्या बऱ्या तारांचा एक संच दोन हजारांच्या पुढे जातो. मॉनिटरशिवाय वाजवणाऱ्या त्या पोराच्या वाट्याला दोन तारा आल्या, तिसरी उधार.

३१ पाहुण्यांनी तिकीट काढलं असतं तर प्रत्येकाला आणखी २,७०० मिळाले असते. आणि हे पाहुणे कोण? मामा, मावशी, कॉलेजचे मित्र, ऑफिसचे सीनियर, आणि माझ्यासारखे शेजारी. म्हणजे या पोरांवर ज्यांचं खरोखर प्रेम आहे ते सगळे फुकट, आणि पैसे भरणारे ४३ जण, मी सोडून, अनोळखी. पाहुण्यांतल्या बऱ्याच जणांनी बारवर तिकिटाच्या तिप्पट खर्च केला. आपले मामासुद्धा. एका कॉकटेलला साडेसहाशे देताना मामांनी 'ओळखीचा आहे, काही कमी करा' म्हटलं नाही.

क्लबवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे, मी पूर्वी घालायचो. पण त्यांच्या बाजूने बघा. शनिवारी एक डीजे लॅपटॉप घेऊन येतो, जागा भरते, टेबलांवर गिऱ्हाईक बदलत राहतं. बँडला ड्रमसेट, माइक, साऊंडवाला, तीन तास आधी जागा अडवणं, आणि वर साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी एक बिअर दोन तास पुरवणारी. तरी क्लबवाला गुरुवार देतो. किती दिवस देईल, ते दारावरच्या आकड्यावर ठरतं. त्याला टाळ्या मोजता येत नाहीत, तिकिटं येतात.

यात एक विनोदी भाग आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागतं, त्यामुळे असे बरेच क्लब दारावरच २१ची अट घालतात. म्हणजे ज्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना हे संगीत जिवापाड आवडेल, ती आत येऊ शकत नाहीत. आमचा ड्रमरच वीस वर्षांचा. कलाकार म्हणून त्याला आत घेतलं, मनगटावर वेगळ्या रंगाचा पट्टा बांधला आणि वाजवून झाल्यावर तो स्टेजमागे लिंबूसोडा पीत बसला. त्याच्या वर्गातली चार पोरं बाहेर रस्त्यावर, भिंतीला टेकून ऐकत होती. ती गेस्ट लिस्टवर नव्हती, तिकीटही काढू शकत नव्हती. माझ्या मते त्या संध्याकाळचे सगळ्यांत चांगले श्रोते तेच. दुपारच्या वेळी, बार बंद ठेवून, कमी दरात एखादा खेळ लावता येणार नाही का? नाटकाच्या छोट्या हॉलवाल्यांनीही महिन्यातला एक रविवार बँडला देऊन बघावा. आवाज फार होतो म्हणून नाही म्हणतात, पण ड्रमरला काठ्यांऐवजी ब्रश घेऊन हळू वाजवायला सांगता येतं.

बी विंगमधल्या तिच्या वडिलांना माझा हिशेब पटला, पण ते म्हणाले, "आपल्याच मुलीच्या कार्यक्रमाला तिकीट काढायचं म्हणजे कसंसंच वाटतं हो." मी म्हटलं, अहो, तिच्या भरतनाट्यमच्या क्लासची फी सात वर्षं भरलीत ना, तेव्हा नाही वाटलं? ते हसले. पुढच्या गिगची त्यांनी चार तिकिटं काढली आहेत, त्यातलं एक 'ओळखीचं वाजवा'वाल्या गृहस्थांसाठी. ते तिचे सख्खे मामा निघाले.

गिग ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी आहे. त्याच महिन्यात ड्रमरला २१ पूर्ण होतायत. त्याची पहिली अधिकृत बिअर माझ्याकडून, आणि झांजाही पुन्हा माझ्याच गाडीतून.