प्रचारपटांत रांग का दिसत नाही?

आमच्या चाळीत दिवस रांगेवर चालायचा. पहाटे नळाची, मग संडासाची, रेशनवर रॉकेल आलं की त्याची. आई रांगेत डबा ठेवायची, शेजारणीला सांगून घरी यायची, चार भाकऱ्या थापायची आणि नंबर जवळ आला की पळत जायची. म्हणून असेल, पण समाजवादी देशांचे जुने माहितीपट बघायला बसलो की मी आधी रांग शोधतो. दुकानापुढची, दवाखान्यातली, घराच्या अर्जासाठीची, कुठलीही. पूर्व जर्मनीत साध्या त्राबांट गाडीसाठी लोक दहा-दहा वर्षांहून जास्त थांबायचे. आणि पडद्यावर कोणी कशासाठी थांबलेलंच नसतं. सगळे कामावर निघालेले, नाहीतर मिरवणुकीत.

सोव्हिएत दिग्दर्शक झिगा वेर्तोवचा युक्रेनमधल्या दोनबासच्या खाणकामगारांवरचा बोलपट घ्या. तिथल्या सरकारच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळातला, 1930 साली पुरा झालेला. बोलपट नुकते कुठे सुरू होत होते आणि या माणसाने अवजड यंत्रं खाणींवर नेऊन भोंगे, भट्ट्या, रेल्वे यांचे खरे आवाज पकडले. चॅप्लिनने त्याची तोंडभरून स्तुती केली होती. मलाही तो फार मोठा कलावंत वाटतो. पण त्या चित्रपटाच्या शेवटाकडे शेतं येतात, कापणी येते, गाणाऱ्या बायका येतात, आणि तिथे मला पुढे बघवत नाही. कारण 1932-33 मध्ये त्याच युक्रेनमध्ये सरकारने गावागावांतून धान्य सक्तीने उचलून नेलं आणि लाखो माणसं भुकेने मेली. ती गाणारी माणसं कुठल्या गावची होती, त्यातली किती वाचली, हे विचारल्याशिवाय मला तो चित्रपट बघता येत नाही.

डाव्या चळवळीतले माझे मित्र म्हणतात, प्रचार कोणतं सरकार करत नाही? खरं आहे. पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनची, म्हणजे आपल्या सरकारच्या माहितीपट खात्याची, धरणं आणि कुटुंबनियोजन आपण सिनेमाआधी मुकाट बघितलंच आहे. पण त्याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये एस. एन. एस. शास्त्रींनी 1967 साली 15 ऑगस्ट 1947 ला जन्मलेल्या मुलामुलींना बोलतं केलं, आणि त्यांचा वैताग, त्यांच्या शंका चित्रपटात राहिल्या. बाकीच्या सरकारी रिळांपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

उत्तर कोरियावरचा दिग्दर्शक विताली मान्स्कीचा 2015 चा माहितीपट तर जरूर बघा. संहिता तिथल्या अधिकाऱ्यांनीच लिहून दिलेली. चित्रपट जिच्यावर आहे त्या आठ वर्षांच्या मुलीचे वडील प्रत्यक्षात पत्रकार, त्यांना कापड कारखान्यात इंजिनिअर केलं. आईलाही भलत्याच कारखान्यात उभं केलं. मान्स्कीने दोन टेकच्या मधे कॅमेरा चालूच ठेवला आणि ते चित्रण लपवून बाहेर काढलं. छातीवर पदकं लावलेला म्हातारा सैनिक वर्गात व्याख्यान देतोय आणि समोरची एक पोर डोळे मिटू नयेत म्हणून जिवाच्या आकांताने धडपडतेय. तेवढ्या काही क्षणांत मला तो देश दिसला. (चित्रपट जगभर दाखवल्यावर त्या घराचं काय झालं असेल, ही काळजी मात्र माझ्या मनातून जात नाही.)

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. फोल्कर कोप या दिग्दर्शकाने पूर्व जर्मनीच्या सरकारी डेफा स्टुडिओसाठी वित्श्टोक नावाच्या छोट्या गावातल्या होजिअरी कारखान्यातल्या तरुण कामगार मुलींवर 1974 पासून चित्रण सुरू केलं. या मुली कामाच्या नियोजनाबद्दल तक्रार करतात, कंटाळतात, मधेच गप्प बसतात. कोप पुन्हा पुन्हा तिथे गेला, 1997 पर्यंत. बर्लिनची भिंत पडली, कारखाना बंद झाला, त्या बायका बेकार झाल्या, तरी तो गेला. सरकारच्या पैशाने सुरू झालेल्या कामातून तेवीस वर्षांचा संसार, थकवा, नोकरी जाणं, सगळं नोंदलं गेलं. घाईत असलेल्या माणसाला हे साधत नाही. प्रचारपट नेहमी घाईत असतो, त्याला योजना संपायच्या आत विजय दाखवायचा असतो.

बंद कारखान्यानंतरचे ते चेहरे मी ओळखतो. 18 जानेवारी 1982 चा मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. बाबा रोज सकाळी वेळेवर उठायचे, दाढी करायचे आणि गॅलरीत उभे राहायचे.

वित्श्टोकवरचा पहिला चित्रपट 1975 चा आहे. त्याच वर्षी बाबा मिलच्या साचा खात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार म्हणून लागले होते. परवा आईला लॅपटॉपवर त्या जर्मन मुली दाखवल्या. भाषा कळत नव्हती, तरी शेवटपर्यंत बघत बसली. मग विचारलं, "आपल्या मिलचं असं कोणी घेतलं नाही का रे?" बाबांच्या खात्यातला एक साधा फोटोसुद्धा आमच्या घरी नाही.